साठ टक्के कशाचे? : पक्षाच्या क्लबमधली एक संध्याकाळ आणि आपला एबी फॉर्म

  हा एपिसोड ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

महापालिकेची निवडणूक आली की आपल्याकडे दोन अक्षरं अचानक फेमस होतात. ए आणि बी. एबी फॉर्म. 'ए' मध्ये पक्ष सांगतो की उमेदवाराच्या कागदावर सही करायचा अधिकार कुणाला दिलाय, आणि 'बी' मध्ये तो सहीवाला सांगतो की आमचा अधिकृत उमेदवार हा. बस. दोन कागद. पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता शेवटच्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर फोन कानाला लावून उभा असतो, आणि तो कागद काल पक्षात आलेल्या माणसाच्या हातात दिसतो. मग रडारड, बंडखोरी, अपक्ष अर्ज. न्यूज चॅनेलला दोन दिवसांचं खाद्य. यात कधी कुणी विचारतं का, की वॉर्डातल्या पक्षाच्या सदस्यांनी बसून मत दिलं असतं तर काय झालं असतं?

अमेरिकेत हे बसून मत देणं चालतं. गल्लीच्या पातळीवर चालतं. आणि ते जितकं छान ऐकू येतं तितकं छान अजिबात नसतं, म्हणून हा एपिसोड.

आधी एक बेसिक गोष्ट. तिकडे तिकीट कुणी 'देत' नाही. प्रायमरी होते, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायलाच आधी एक निवडणूक, आणि तिथे सामान्य मतदार मत देतो. मग पक्षाच्या लोकांच्या हातात उरतं काय? एन्डॉर्समेंट. जाहीर पाठिंबा. 'आम्ही या सगळ्यांना तपासलं, आमच्या मते ही बाई चांगली.' हा पाठिंबा देणारी सगळ्यात लहान संस्था म्हणजे डेमोक्रॅटिक क्लब. क्लब म्हटल्यावर रमी आणि बिलियर्ड्स डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या गणेश मंडळाची मीटिंग डोळ्यांपुढे आणा. वर्गणी भरलेले सदस्य, एक अध्यक्ष, एक खजिनदार, आणि प्रत्येक मीटिंगला तोच मुद्दा काढणारे एक काका.

कॅलिफोर्नियात हे क्लब का फोफावले त्याची गोष्ट मस्त आहे. तिथे पूर्वी एकच माणूस दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभा राहू शकायचा. अर्ल वॉरन, जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, ते १९४६ मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही प्रायमऱ्या जिंकले होते! म्हणजे डेमोक्रॅट मतदाराला कळायचंच नाही की आपला कोण. त्यात भर म्हणजे, पक्षाच्या अधिकृत समित्यांनी प्रायमरीत कुणाला पाठिंबा द्यायला कायद्याने बंदी. मग १९५३ मध्ये कार्यकर्त्यांनी शक्कल काढली. क्लब काही पक्षाची अधिकृत समिती नाही ना? मग क्लबांचा महासंघ काढू आणि तो देईल पाठिंबा. कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक कौन्सिल. पहिले अध्यक्ष ॲलन क्रॅन्स्टन, जे नंतर सिनेटर झाले. आपण कोडमध्ये ज्याला वर्कअराउंड म्हणतो ना, अगदी तेच. ती बंदी सुप्रीम कोर्टाने उठवली थेट १९८९ मध्ये. तोवर वर्कअराउंड हीच सिस्टीम झाली होती. ओळखीचं वाटतंय? माझ्या ऑफिसात असे तीन आहेत.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. तिथे क्लब आधीपासून होते, पण ते 'साहेबां'चे. मॅनहॅटनमध्ये टॅमनी हॉल नावाची डेमोक्रॅटिक यंत्रणा, आणि १९४९ पासून तिचा प्रमुख कार्माइन डी सॅपिओ. डोळ्यांच्या आजारामुळे कायम गडद चष्मा. मराठी सिनेमात घेतला तर मेकअप करावा लागणार नाही. पण त्याच्या सगळ्या साम्राज्याचा पाया काय होता? ग्रिनिच व्हिलेजमधलं डिस्ट्रिक्ट लीडर हे एक बिनपगारी, पक्षांतर्गत निवडून यायचं पद. १९५६ ला ॲडलाय स्टीव्हन्सनच्या प्रचारात राबलेली तरुण मंडळी राष्ट्राध्यक्षपद हरल्यावर घरी गेली नाहीत. त्यांनी व्हिलेज इंडिपेंडंट डेमोक्रॅट्स असा क्लब काढला आणि ठरवलं, याला त्याच्याच गल्लीत पाडायचं. दोनदा हरले. १९६१ मध्ये जिंकले. डी सॅपिओ १९६३ ला परत उभा राहिला, समोर क्लबचा एक वकील, एड कॉच. कॉच जिंकला ४१ मतांनी. एक्केचाळीस! कोर्टाने पुन्हा निवडणूक घ्यायला लावली, तर १९६४ मध्ये १६४ मतांनी जिंकला. हाच कॉच पुढे १९७८ ते १९८९ न्यूयॉर्कचा महापौर.

आता गंमत ऐका. १९६५ च्या महापौर निवडणुकीत याच कॉचने, डेमोक्रॅटिक पक्षाचा पदाधिकारी असताना, रिपब्लिकन जॉन लिंडसेला जाहीर पाठिंबा दिला. पक्षाचे लोक खवळले. साहेबशाहीविरुद्ध लढून आलेला माणूस स्वतःच्या मनाने चालला की मग क्लबचा शब्द कुठे राहतो? या भांडणाचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. पण मला दोन्ही बाजू पटतात, आणि असं क्वचित होतं.

तिसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. 'मिल्क' सिनेमा पाहिला असेल तर हार्वी मिल्क माहीत असतील. शहरात १९७१ पासून समलिंगी कार्यकर्त्यांचा एक क्लब होता, ॲलिस बी. टोकलस यांच्या नावाचा. सिनेमा बघून वाटतं की हार्वी मिल्कना या क्लबने डोक्यावर घेतलं असेल. तसं नव्हतं. क्लबचं धोरण होतं की सत्तेतल्या मित्रांशी जमवून घ्यायचं, हळूहळू पुढे जायचं. मिल्क म्हणायचे, आपला माणूस आत हवा. १९७६ मध्ये ते राज्य विधानसभेला उभे राहिले तेव्हा या क्लबचा पाठिंबा समोरच्या आर्ट ॲग्नोस यांना. मिल्क हरले. मग त्यांच्या लोकांनी त्याच वर्षी दुसरा क्लब काढला. पुढच्या वर्षी मिल्क शहराच्या बोर्डवर निवडून आले, २७ नोव्हेंबर १९७८ ला त्यांची हत्या झाली, आणि त्या नव्या क्लबला त्यांचं नाव दिलं गेलं. आज दोन्ही क्लब आहेत. दोन्ही दर निवडणुकीला पाठिंब्याची यादी काढतात आणि त्या यादीवरून आजही वाजतं. एका एन्डॉर्समेंटवरून फुटलेली दोन मंडळं!

बरं, आता मी स्वतः पाहिलेलं. ऑफिसच्या कामाने काही महिने कॅलिफोर्नियात होतो, तेव्हा टीममधली एक सहकारी मला तिच्या क्लबच्या एन्डॉर्समेंट मीटिंगला घेऊन गेली. मी पाहुणा. मागच्या रांगेत बसायचं, मत नाही. लायब्ररीचा हॉल, घडीच्या खुर्च्या, गार पिझ्झा. सिटी कौन्सिलच्या एका जागेसाठी दोन उमेदवार. एक सध्याचे कौन्सिल मेंबर, दुसरी भाडेकरूंसाठी काम करणारी बाई. दोघांनी आधीच लांबलचक प्रश्नावली भरून पाठवलेली. हॉलमध्ये प्रत्येकी तीन मिनिटं. समोर एक आजी हिरवं, पिवळं, लाल कार्ड घेऊन बसलेल्या. लाल दाखवलं की माइक बंद. आपल्याकडच्या सभेत त्या आजी हव्या होत्या असं मला फार वाटलं.

नियम असा की पाठिंब्याला ६० टक्के हवेत. आणि बॅलटवर तिसरा पर्याय, 'कुणालाच नको'. हा तिसरा पर्याय फार खतरनाक असतो. तुमचा उमेदवार हरणार हे दिसत असेल तर तुम्ही त्याचा प्रचारच करत नाही, 'कुणालाच नको'चा करता. समोरच्याला साठपर्यंत पोचू दिलं नाही की तुमचं काम झालं. सध्याच्या मेंबरची माणसं नेमकं हेच करत होती, अगदी हसतमुखाने, पिझ्झा वाढत.

एकूण ३७ चिठ्ठ्या. बाईंना २२. आणि एक चिठ्ठी कोरी.

आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. २२ भागिले ३७ म्हणजे ५९.५ टक्के. पाठिंबा नाही. कोरी चिठ्ठी बाजूला काढा, २२ भागिले ३६, म्हणजे ६१.१ टक्के. पाठिंबा आहे. क्लबच्या घटनेत लिहिलेलं, 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या साठ टक्के'. कोरी चिठ्ठी टाकणं हे मतदान आहे का? चाळीस मिनिटं! अध्यक्षांनी रॉबर्ट्स रूल्स काढलं. सभा कशी चालवायची याचं अमेरिकेतलं बायबल, १८७६ मध्ये लिहिलं हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनियरने. (इंजिनियरच. आपल्यालाच सगळीकडे नियम लिहायची खाज.) त्यानुसार कोरी चिठ्ठी म्हणजे रद्दीचा कागद, मोजायची नाही. मग समोरून आक्षेप, की अध्यक्षांचा निर्णय आम्हाला मान्य नाही. त्यावर पुन्हा मतदान. निर्णय टिकला. बाईंना पाठिंबा.

मला वाटलं, आता खुर्च्या फेकतील. एक माणूस रागाने निघून गेला हे खरं, बाकीच्यांनी मिळून त्याच खुर्च्या घडी करून ठेवल्या. पार्किंगमध्ये मी सहकारीला विचारलं, एवढ्यासाठी एवढं? ती म्हणाली, आमच्या मतपत्रिकेची लांबी पाहिलीयेस का? मुद्दा बरोबर होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारापुढे राष्ट्राध्यक्षापासून स्कूल बोर्डापर्यंतच्या उमेदवारांशिवाय राज्याचे १० आणि शहराचे १५ प्रस्ताव होते. प्रत्येकावर हो की नाही. कोण वाचणार? लोक विश्वासातल्या क्लबचं कार्ड घेऊन जातात आणि त्याप्रमाणे शिक्के मारतात. छत्तीस जणांचं हॉलमधलं मत असं हजारो घरांत पोचतं. त्यामुळे त्या हॉलमध्ये कोण बसू शकतं, यावरच खरी लढाई असते. मीटिंगच्या आदल्या आठवड्यात उमेदवाराने आपली पन्नास माणसं सदस्य केली तर? म्हणून बऱ्याच क्लबांत नियम असतो, की इतके दिवस आधी सदस्य झाला असाल तरच मत. मुदत फार लांब ठेवली तर नवी पोरं बाहेर, फार जवळ ठेवली तर क्लब विकत घेता येतो. या एका आकड्यावर मी तासन्‌तास वाद घालू शकतो, तुम्हाला वाचवतोय.

पण पाठिंबा म्हणजे विजय नव्हे. त्या बाई नोव्हेंबरमध्ये हरल्या. मोठ्या पातळीवरही तेच. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात डायन फाइनस्टाइन, विद्यमान सिनेटर, यांना प्रतिनिधींची जेमतेम ३७ टक्के मतं पडली, केव्हिन डी लिओन यांना ५४. साठ कुणालाच नाही. जुलैमध्ये पक्षाच्या कार्यकारिणीने डी लिओनना पाठिंबा दिला. नोव्हेंबरमध्ये निवडून कोण आलं? फाइनस्टाइन.

आणि आपले बेळगावकडचे श्री ठाणेदार. २०२२ मध्ये मिशिगनच्या १३ व्या जिल्ह्यात, डेट्रॉइटमध्ये, कृष्णवर्णीय नेत्यांच्या समितीने आणि महापौरांनी पाठिंबा दिला होता ॲडम हॉलियरना. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले, समोर मतं बऱ्याच जणांत फुटली, आणि साधारण २८ टक्क्यांवर प्रायमरी खिशात. मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत पोचला याचा आनंद मलाही झाला. पण क्लबच्या नजरेने बघितलं तर प्रश्न पडतोच, की स्वतःचा पैसा असेल तर हॉलमधल्या छत्तीस जणांची गरज काय?

आता घरी येऊ. हे आपल्याकडे कुणी करून बघितलंच नाही असं नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने राहुल गांधींच्या पुढाकाराने निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतली होती, आणि महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. मतदार कोण? सामान्य लोक नव्हेत, पक्षाचे पदाधिकारी आणि ठरावीक गटांतले कार्यकर्ते. वर्ध्यात जिंकले सागर मेघे, तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. लातुरात दत्तात्रय बनसोडे. त्या मोदी लाटेत दोघेही लोकसभा हरले. लोकांनी निष्कर्ष काढला की आपल्याकडे हे चालत नाही, घराणंच जिंकतं.

माझं मत वेगळं आहे. ज्या यादीने मत दिलं ती यादी कुणी बनवली होती, हे कुणी विचारलंच नाही. पदाधिकारी नेमले नेत्याने, मग त्यांचं मत नेत्याच्या घराबाहेर जाईल कसं? इनपुट तेच ठेवून आउटपुट वेगळं मागण्यासारखं आहे ते. आज आपल्याकडे मिस्ड कॉल देऊन पक्षाचं सदस्य होता येतं. मी एकदा विचारलं होतं एका पक्षाच्या शाखेत, की सदस्य झालो तर मला मत कशावर देता येईल? तिथले दादा खरंच गोंधळले. वाईट हेतूने नाही, कुणी विचारलंच नव्हतं. चहा मात्र पाजला त्यांनी.

तुमच्यापैकी कुणी कुठल्या पक्षाचे पावती फाडलेले सदस्य असाल तर हाच प्रश्न आपल्या शाखेत विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. नाव सांगणार नाही, आवाजही बदलून लावीन. पुढच्या एपिसोडमध्ये रँक्ड चॉइस मतदान, म्हणजे एकाच चिठ्ठीवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती. आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीत ते चालतंच, पण मोजतात कसं हे आमदारांनाही विचारून बघा. भेटू पुढच्या रविवारी.