पायांच्या फुगलेल्या शिरा : दुखणे जुने, उपचार नवा

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोटरीवर निळ्या, गाठाळ, नागमोडी शिरा उमटलेले पाय आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. तासन् तास फळ्याजवळ उभे राहणारे शिक्षक, बसचे वाहक, वाहतूक पोलीस, आचारी यांच्यात, तसेच अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो. 'वयोमानाने असे व्हायचेच' म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पुढे घोट्याच्या आतील बाजूस व्रण होतो आणि मनुष्य वर्षानुवर्षे मलमपट्टी करीत राहतो. अशा व्रणाचे मूळ पुष्कळदा कातडीत नसून शिरेत असते, हेच आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

पायांतील अशुद्ध रक्त नीलांवाटे हृदयाकडे वर चढावयाचे असते. पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि नीलांतील झडपा त्यास खाली उतरू देत नाहीत. स्वस्थ उभ्या माणसाच्या घोट्यापाशी नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो. चालू लागताच तो बराच उतरतो. झडपा निकामी झाल्या की तो पुरेसा उतरत नाही. मग शिरा फुगतात, सायंकाळी पाय जड होतो व सुजतो, घोट्याभोवतीची कातडी काळवंडते आणि अखेर फुटते.

पूर्वी जांघेत छेद घेऊन शिर बांधीत व तारेने ओढून काढीत. त्या भीतीने अनेक जण रुग्णालयाची पायरी चढत नसत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईच्या छिद्रातून शिरेत बारीक नळी सरकवितात, भोवताली बधिरतेचे औषध भरतात आणि लेझर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती शिर आतून बंद करतात. रेडिओलहरींच्या नळीचे टोक १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते. काही शिरांत फेसाळ औषध टोचतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो.

शिर बंद केल्यास रक्त जाणार कोठून, अशी शंका येईल. पायांतील बहुतेक रक्त खोल नीलांतूनच वाहते. म्हणून त्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे डॉप्लर तपासणीने आधी पाहणे अत्यावश्यक असते. उपचारानंतरही काहींना पुन्हा शिरा फुगतात. क्वचित रक्ताची गुठळी होते किंवा कातडी बधिर राहते.

विलंबाची किंमत किती? ब्रिटनमध्ये ४५० व्रणग्रस्तांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना दाबपट्टी बांधली होती. ज्यांच्या शिरेवर लवकर उपचार झाला, त्यांच्यापैकी निम्म्यांचे व्रण ५६ दिवसांत भरले. ज्यांचा उपचार लांबणीवर टाकला, त्यांना त्याच मजलेसाठी ८२ दिवस लागले.

आता काही सूचना. फार वेळ एकाच जागी उभे राहू नये. मधून मधून चालावे, टाचा उचलाव्यात. विश्रांतीच्या वेळी पाय उशीवर ठेवावेत. दाबमोजे वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावेत. मधुमेह असल्यास पायाचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्यावा. शिर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णास आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

आपल्या घरी वा शेजारी घोट्यावरील व्रणाला पट्टी बांधून बसलेले कोणी असेल, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन या आणि शिरेची तपासणी मागून घ्या. इतके आपण केलेत, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले, असे मी मानीन.