दाबून भरलेली हवा: सुपरचार्जर की टर्बो?

इंजिनात पेट्रोल हवे तेवढे सोडता येते; अडते ते हवेपाशी. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे ११ किलो, म्हणजे जवळपास ९,००० लिटर हवा लागते. पिस्टनच्या ओढीने सिलिंडरमध्ये जेवढी हवा येईल, तेवढीच इंजिनाची मजल. ती वाढवायची तर इंजिन मोठे करावे, नाही तर हवा दाबून आत भरावी. हवा दाबून भरणारी यंत्रे दोन: सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर. काम दोघांचे एकच. त्यांना फिरवते कोण, एवढाच फरक. पण स्पोर्ट्स कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या आणि मागे उतरत्या छताच्या वेगवान गाडीचा, सगळा स्वभाव त्या फरकावर ठरतो.

सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. त्याचा सर्वांत जुना प्रकार अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचा. त्यांनी १८६० साली पेटंट घेतले तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. एकमेकांत अडकून फिरणारे दोन रोटर हवा पुढे ढकलतात, एवढीच त्याची रचना. त्याच जातीचे ब्लोअर सिमेंट उद्योगात भुकटी नळांतून पुढे ढकलायला वापरतात, त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूस-गडचांदूर या सिमेंट पट्ट्यातल्या फिटरला हे यंत्र अनोळखी वाटू नये. पट्टा इंजिनाला बांधलेला असल्याने ॲक्सिलरेटर दाबताक्षणी दाब तयार असतो. पण हा पिकअप फुकट मिळत नाही. हवा दाबायची ताकद इंजिनाच्याच कमाईतून जाते आणि पेट्रोल जास्त लागते.

या खर्चावरचा उपाय म्हणजे टर्बो; त्याचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ साली घेतले. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. त्या तापलेल्या धुराच्या वाटेत टर्बाइनचे चाक बसवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चाक. छोट्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. अडचण एवढीच, की धुराचा जोर वाढेपर्यंत चाक वेग घेत नाही. पाय दाबल्यापासून गाडी उसळेपर्यंतची ही ढिलाई म्हणजे टर्बो लॅग. जुन्या टर्बो गाड्यांत ती चांगलीच जाणवे. आता चाके हलकी झाली, झडपांवर संगणक आला, आणि ती बरीच आटोक्यात आली आहे.

निवड प्रत्यक्षात कशी झाली, हे २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वारने दाखवले. तिच्या एफ-टाइप कूपेत आधी दोन्ही इंजिने सुपरचार्जरची होती: तीन लिटरचे व्ही-सिक्स आणि पाच लिटरचे व्ही-एट. २०१७ मध्ये दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. ताकद ३०० अश्वशक्ती, आणि ४०० न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला अवघ्या १,५०० फेऱ्यांवर. व्ही-सिक्स एफ-टाइपपेक्षा ही गाडी ५२ किलोंनी हलकी होती आणि ते वजन मुख्यतः नाकावरचे कमी झाले, म्हणून वळणावर ती अधिक चपळ. रसिकांना मात्र मोठ्या इंजिनाची डरकाळी हुकली, आणि ती तक्रार खोटी नव्हती. मर्सिडीजनेही सी-क्लासच्या १.८ लिटर इंजिनावरचा सुपरचार्जर उतरवून टर्बो चढवला. त्या गाड्यांच्या पाठीवरची ‘कॉम्प्रेसर’ ही अक्षरे त्याबरोबर गेली. धुराचे आणि इंधनाचे नियम कडक होत गेले तसा बहुतेक कारखान्यांनी हाच रस्ता धरला.

दोन्हींचा मेळ घालणारी एक तडजोड भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ या ४,००० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात आहे. त्याचा टर्बो कमी जोरावर गिअरने, म्हणजे सुपरचार्जरसारखा फिरतो. धुराला पुरेसा जोर आला की क्लच सुटतो आणि पुढे तो धुरावर चालतो. मोटारीत अशी रचना परवडत नाही.

चंद्रपुरात या निवडीला उन्हाचा हिशेब जोडावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून १९० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा उंचीमुळे हवा विरळ होण्याचा प्रश्न इथे नाही. पण मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेला की हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ होते. ही हवा १.७ पट दाबली तर तिचे तापमान १२० अंशांच्या घरात जाते. इतकी तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल ठिणगीआधी किंवा भलतीकडून पेटते, इंजिन ठोका देते, आणि पिस्टन फुटू नये म्हणून गाडीचा संगणक ठिणगी मागे घेऊन ताकद उतरवतो. त्यामुळे पत्रकात छापलेली अश्वशक्ती भर दुपारी मिळेलच असे नाही. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर इथे दोन्ही यंत्रांना अटळ आहे. तरी टर्बोला एक सोय अधिक: धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वेस्टगेटच्या झडपेने दाब प्रसंगानुसार बारकाईने कमी-जास्त करता येतो. सुपरचार्जरचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला, म्हणून त्याला जादा हवा परत वळवणाऱ्या वळसा-झडपेवर भागवावे लागते. पेट्रोलमधल्या इथेनॉलची थोडी मदत होते. ते ठोका सहन करते आणि बाष्प होताना हवा गार करते.

उन्हापाठोपाठ धूळ. घुग्घूसची कोळशाची काळी असो वा गडचिरोलीतल्या सुरजागडच्या खनिजाची तांबडी, एअर फिल्टर तुंबला की टर्बोला तोच दाब देण्यासाठी जास्त वेगाने फिरावे लागते, आणि फाटका फिल्टर तर चाकाची पातीच खातो. टर्बोचे बेअरिंग इंजिनच्याच ऑइलवर जगते, म्हणून ऑइल बदलायला उशीर करणे त्याला सर्वांत महाग पडते. बहुतेक मोटारींतल्या सुपरचार्जरचे ऑइल त्याच्यापुरते वेगळे असते. त्या बाबतीत तो निवांत.

गडचिरोलीत आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा जंगलातला रस्ता वेग घेऊ देत नाही. तिथे सतत पाय काढावा-दाबावा लागतो, आणि मनाला सुपरचार्जरच अधिक भावेल. (कूपेचे पोट जमिनीपासून किती वर आहे हा प्रश्न तिथे आधी येतो, ते वेगळे.) पण गाडी रोजची असेल तर पारडे टर्बोकडे झुकते. कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या आजच्या डिझेल ट्रकवर टर्बो असतोच, त्यामुळे तो खोलून पाहिलेला मेकॅनिक या भागात मिळतो. सुपरचार्जर हाताळणारा शोधायला नागपूर किंवा त्याहून लांब जावे लागेल.

साध्या इंजिनावर यांपैकी एखादे यंत्र मागाहून बसवण्याचा मोह मात्र तांत्रिक आणि कायदेशीर अशा दोन्ही अंगांनी महागात पडणारा आहे. मुळात टर्बोसाठी न बनवलेल्या इंजिनाचे पिस्टन, कॉम्प्रेशन, इंधनपंप आणि क्लच वाढीव दाबासाठी नसतात; ते सारे बदलावे लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. गाडी एमएच-३४ (चंद्रपूर) असो वा एमएच-३३ (गडचिरोली), नोंदणीपुस्तकात लिहिलेले इंजिन आणि बॉनेटखालचे इंजिन एकच असावे लागते. म्हणून ही निवड गॅरेजमध्ये होत नाही, ती शोरूममध्येच करावी लागते.