नाण्यावरचे साल



अंबरनाथच्या शिवालयातील लेखात शके ९८२ कोरलेले आहे. त्या आकड्यावर आम्ही निर्धास्त विश्वास ठेवतो. नाण्यावरच्या आकड्यावर मात्र ठेवीत नाही. का, ते एका अमेरिकन डॉलराच्या कथेवरून सांगतो.

१८३४ साली अमेरिकन सरकारला मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना भेटीदाखल आपल्या नाण्यांचे संच द्यायचे होते. चांदीचा डॉलर पाडणे तर तेव्हा कित्येक वर्षे बंदच होते. टांकसाळीच्या दप्तरात डॉलर पाडल्याचे शेवटचे साल निघाले १८०४. तोच आकडा नव्या ठशावर चढला. गंमत अशी, की १८०४ मध्ये पाडलेल्या डॉलरांवर आधीचेच साल होते! तेव्हा १८०४ चा हा डॉलर जन्मला तो तीस वर्षांनंतर. तो बाजारात फिरण्यासाठी नव्हताच. ठसे आणि चकत्या घासून आरशासारख्या करून, जोरदार दाबाखाली काढलेल्या अशा नाण्याला संग्राहक 'प्रूफ' म्हणतात.

त्या भेटी घेऊन एडमंड रॉबर्ट्स 'पीकॉक' जहाजातून निघाले. सप्टेंबर १८३५ मध्ये जहाज अरबस्तानच्या मसीरा बेटापाशी रुतले. तोफा समुद्रात टाकून ते हलके करावे लागले. मस्कतचे काम उरकल्यावर ते दुरुस्तीसाठी आले कोठे? आपल्या मुंबईच्या गोदीत! सयामला ते पोचले एप्रिल १८३६ मध्ये. आणि योग पाहा, त्याच १८३५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे कंपनी सरकारचा १८० ग्रेनांचा, विल्यम राजाच्या मुखवट्याचा रुपया चालू झाला होता.

सयामचा संच १९६२ मध्ये लंडनला प्रकट झाला. मस्कतचा म्हणून मानला जाणारा डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरांना गेला. आम्ही तो चित्रातच पाहिला आहे.

पण सालाची ही लबाडी आपल्या देव्हाऱ्यातही आहे. राणीच्या रुपयावरचे १८४० हे साल १८६२ पर्यंत तसेच राहिले. पुढे १८६२ हे साल १८७४ पर्यंत चालले; मुंबईच्या टांकसाळीने मात्र सालाजवळ बारीक ठिपके घातले, आणि त्या ठिपक्यांवरून खरे वर्ष ओळखता येते, असे जाणकार मानतात. शिवाय जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी मागाहून पाडलेली चकचकीत नाणीही आहेतच. तेव्हा फार झळाळी दिसली, की आम्ही आधी संशय घेतो.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत, आजच्या उल्हासनगरात, जी कुटुंबे उतरली त्यांच्यापैकी कोणी कमरेचे चार रुपये मोडून पोरांना जेवू घातले असेल, तर त्याला कोण काय म्हणणार? पण आज ज्यांच्या घरी असे रुपये उरले आहेत, त्यांनी ते केवळ चांदीच्या वजनावर सराफाला देऊ नयेत. लक्ष्मीपूजनाला ते चिंच-रांगोळीने घासूही नयेत, कारण ठिपके पहिल्याने जातात ते त्या घासण्यात. गळ्यात घालण्यासाठी ज्या रुपयाला कडी डागली, त्याची तर संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच उतरली.

येथे मेजावर भिंग ठेवले आहे. ज्यांनी रुपये आणले असतील त्यांनी पुढे यावे. नाणे कडेने धरावे.