मोटारसायकलचा हॉर्न : जोडणी, बिघाड आणि मर्यादा

ग्रामीण भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणारा शेतकरी, शेजारच्या गावी शाळेवर जाणारा शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका या साऱ्यांची कामे तिच्यावर अवलंबून असतात. ऊस उभा असलेल्या दिवसांत शेतरस्त्याच्या वळणावर समोरून येणारे वाहन दिसत नाही. तेथे हॉर्नचाच आधार असतो. म्हणून मूळ हॉर्न क्षीण वाटू लागला की बाजारातून मोठ्या आवाजाचा हॉर्न आणून बसविण्याकडे साहजिकच कल होतो. परंतु पुष्कळदा दोष हॉर्नचा नसतो, तर त्याला मिळणाऱ्या विजेचा असतो; आणि जुन्याच बारीक वायरवर चढविलेला नवा हॉर्नही घोगराच वाजतो.

याचे कारण हॉर्नच्या रचनेत आहे. त्याच्या डबीत विद्युतचुंबक, पोलादी पडदा व संपर्कबिंदू असतात. बटण दाबताच चुंबक पडद्याला ओढतो, पडदा सरकल्याने संपर्कबिंदू विलग होतात, वीज तुटते आणि पडदा मागे येतो. हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा घडते. जोडांवर गंज चढला असेल तर दोन-तीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात व पडद्याला पुरेसा जोर मिळत नाही. विश्रांतीत असलेल्या चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. हॉर्न वाजत असताना बॅटरीवर १२ आणि हॉर्नच्या टोकांवर ९ व्होल्ट दिसत असतील, तर नव्या हॉर्नवर पैसे घालण्यापूर्वी सर्व जोड पॉलिश पेपरने घासून घ्यावेत. काही हॉर्नवर आवाज जुळविण्याचा स्क्रू असतो; तो एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. एवढ्यावरच अनेक हॉर्न पूर्ववत वाजू लागतात.

तरीही दुसरा हॉर्न बसवायचाच असेल, तर रिले वापरण्यात हयगय करू नये. मोठ्या हॉर्नची जोडी ८ ते १० अँपिअर वीज ओढू शकते. हँडलवरील बटण व कारखान्यातून आलेली वायर एवढ्या भारासाठी केलेली नसते; ती तापते आणि बटणाचे संपर्क जळतात. रिलेमध्ये बटणावरून अल्प वीज जाते व मुख्य भार वेगळ्या जाड वायरने वाहतो. जोडणी अवघड नाही. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडावी. मूळ हॉर्नला जाणाऱ्या दोन्ही वायर रिलेच्या ८५ व ८६ या टोकांना जोडाव्यात. बॅटरीच्या धन टोकापासून निघणारी जाड वायर फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या टोकाला आणावी आणि ८७ वरून हॉर्नला न्यावी. हॉर्नचे दुसरे टोक चौकटीच्या रंग खरवडलेल्या भागाला अथवा थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो दूर बसविला तर मधली वायर घासली जाऊन आग लागण्याचा धोका राहतो. वरील भाराला १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

हॉर्नचे तोंड पावसाळ्याचा विचार करून खाली झुकते ठेवावे. हॉर्नची डबी चौकटीला टेकली तर पडद्याचे कंपन दबते, म्हणून सोबत येणारी लवचीक पट्टी काढून टाकू नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हेही पाहावे. गॅरेजमध्ये घाईत नेमके हेच राहून जाते.

बिघाड शोधताना कानाचा उपयोग करावा. बटण दाबल्यावर रिलेचा ‘टक्’ आवाज येतो पण हॉर्न मुका राहतो, तेव्हा फ्यूज, जाड वायर अथवा चौकटीकडील जोड तपासावा. आवाजच येत नसेल तर दोष बटणात किंवा ८५-८६ च्या वायरमध्ये असतो. बटण सोडूनही हॉर्न वाजत राहिला, तर रिलेचे संपर्क चिकटलेले असण्याचा किंवा बटणाची वायर घासून उघडी पडल्याचा संभव आहे. फ्यूज वारंवार जात असेल तर त्याजागी तांब्याची तार गुंडाळणे हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ अन्वये एकामागून एक निरनिराळे सूर काढणारे, तसेच अवाजवी कर्कश किंवा दचकविणारा आवाज करणारे हॉर्न सामान्य वाहनांना लावता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४-फ नुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजविल्यास पहिल्या वेळी १,००० व पुढील प्रत्येक वेळी २,००० रुपये दंड ठरविला होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने शांतता क्षेत्रात, तसेच रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात, सार्वजनिक आणीबाणी वगळता हॉर्न वाजविण्यास मनाई केली आहे.

ही मनाई कशासाठी, हे साध्या हिशेबाने कळते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. दोन मीटरवर ११० डेसिबल भरणारा हॉर्न १२८ मीटरवरही सुमारे ७४ डेसिबल ऐकू येतो. शांतता क्षेत्राचे दिवसाचे मानक ५० डेसिबल आहे. ते सरासरीचे असले, तरी रस्त्यालगतच्या वर्गात शिक्षकाला वाक्य मध्येच का थांबवावे लागते, याचा उलगडा या आकड्यांतून होतो.

दूधवाल्याची अडचण मात्र खरी आहे आणि ती केवळ दंडाने सुटणारी नाही. वळणावरील बाभळीच्या फांद्या छाटणे, उसाची शेवटची सरी रस्त्यापासून थोडी आत घेण्यास शेतकऱ्याला राजी करणे आणि आंधळ्या वळणावर बहिर्वक्र आरसा उभारणे ही कामे पंचायतीला पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत मांडता येतील. समोरचे वाहन दिसू लागले की मूळ हॉर्नही तेथे पुरेसा ठरतो.