गाव तापते कशाने?
(देगलूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



उन्हाळ्यात देगलूरच्या बाजारपेठेतून सायंकाळी आपल्या गावी परतताना शिवार लागताच अंगाला गार वारा लागतो. हा भास नव्हे. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून दाखविले की, रात्री ते शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा सरासरीने ३.७ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे दोन सेल्सिअस अंशांनी अधिक उष्ण असे. दिवसा मात्र फरक जवळजवळ नसेच.

रात्रीच का? डांबर, सिमेंट व दगड दिवसभर ऊन शोषून घेतात आणि सूर्यास्तानंतर ती उष्णता सावकाश बाहेर टाकतात. दाटीने उभ्या भिंती तिला आकाशाकडे मोकळी जाऊ देत नाहीत. शिवाय शहरात उघडी माती व झाडे थोडी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. माठ याच न्यायाने गार राहतो आणि लिंबाचे झाडही. मुलांना हा धडा माठावरूनच द्यावा.

रात्र निवली नाही तर शरीरास विसावा मिळत नाही व दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. पुढे २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. गरीब वस्त्यांतील छपरेही चुन्याने पांढरी करण्यात आली. आपल्या सीमेलगतच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांविषयी धोरणच जाहीर केले.

‘हे शहरांचे झाले, आमचे काय?’ असे कोणी विचारील. ज्या वर्गांवर पत्रे आहेत, तेथे तो पत्रा हाच आपला प्रश्न होय. तो रात्री लवकर निवतो खरा, परंतु भर दुपारी सारी उष्णता मुलांच्या डोक्यावर ओततो. जुन्या माळवदाखाली मातीच्या जाड थरामुळे दुपार सुसह्य होई. तरीही माळवदाकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड घरांखाली माणसे कशी गाडली गेली, हे मराठवाडा विसरलेला नाही. छप्पर हलकेच राहू द्यावे. ते पांढरे करावे.

मुलांची खात्री पटावी म्हणून गंजक्या पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, एकास चुना लावावा आणि दुपारी दोहोंखालील तापमान वर्गात फळ्यावर मांडावे. तापलेल्या पत्र्यास हात मात्र लावू देऊ नये.

वर्गाच्या पश्चिमेस लिंब लावावा, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडूनच येते. पाणी कोठून आणावे, हा आपल्या भागात रास्त प्रश्न आहे. शाळेतील भोजनानंतर ताटे धुतलेले पाणी रोपांकडे वळविल्यास दोन-चार झाडे सहज जगतात.

चुन्याचे काम मार्चपूर्वी उरकावे. पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, म्हणून त्यात डिंक मिसळावा. पावसात तो धुपतो, तेव्हा शाळेच्या खर्चात दरवर्षी त्याची तरतूद धरावी लागेल. आणि हे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्यावे. मुलांना छपरावर चढवू नये.