माळकऱ्याचं लिव्हर



"डॉक्टरसाहेब, गळ्यात माळ आहे. दारूला कधी शिवलो नाही. मग लिव्हर कशानं खराब झालं?" नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत हा प्रश्न नवा नाही. शुगर, सुटलेलं पोट आणि यकृतात साठलेली चरबी, एवढंही त्याला पुरतं. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. यकृत मात्र निबर होत जातं. हाच सिरॉसिस. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते, दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. एखादी फुटली की रक्ताची उलटी. मग रात्री-अपरात्री जीप करून नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय गाठायचं.

या शिरा फुगूच नयेत म्हणून बेलापेक्टिन नावाच्या औषधाची चाचणी झाली. जॅम ज्यानं घट्ट होतो त्या पेक्टिनपासून ते बनवलंय. अनेक देशांतले ३५५ रुग्ण घेतले. सगळे सिरॉसिसचे, पण शिरा अजून न फुगलेले. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध, असं १८ महिने. काहींना कमी मात्रा, काहींना दुप्पट, काहींना दिसायला तसंच, पण औषध नसलेलं द्रावण. कुणाला काय चाललंय ते रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी दुर्बीण घालून शिरा पाहायच्या.

निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. सगळे रुग्ण धरले तर फायदा सिद्ध झाला नाही. ठरल्याप्रमाणे उपचार पुरे केलेल्यांचाच हिशेब केला, तर कमी मात्रेच्या गटात नव्या शिरा जवळपास निम्म्याच आढळल्या. आशा वाटावी असं आहे, नाही कसं? पण लातूरच्या आडतीवर वरचे टपोरे दाणे पाहून अख्ख्या पोत्याचा भाव कुणी देत नाही. माझ्या मते आणखी एक चाचणी व्हायलाच हवी.

तोवर काय? कार्व्हेडिलॉल ही बीपीची जुनी, स्वस्त गोळी आहे. ती या शिरांमधला दाब उतरवते. तिच्यासारख्या गोळ्यांनी पोटात पाणी होण्याचं प्रमाण घटतं, हे स्पेनमधल्या अभ्यासात २०१९ साली दिसलं. मात्र दमा असेल, बीपी आधीच खाली असेल, तर ती चालत नाही. मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नका. आणि सिरॉसिसचं निदान झालं असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढं विचारा, "माझी दुर्बीण कधी करायची?"