वर्तनाच्या तक्त्याआधी कानाची तपासणी : स्वागताध्यक्षीय भाषण

काल-परवापर्यंत नीट जेवणारे, झोपणारे मूल एकाएकी स्वतःच्या कानशिलात मारून घेऊ लागते, तेव्हा वर्तनाचा तक्ता भरण्याआधी त्याचा कान पाहावा लागतो. बोलता न येणाऱ्या मुलाला दुखणे सांगायला हातच उरतो. फुटलेला कान, किडलेली दाढ, चार-चार दिवस न झालेली संडास, घशाशी येणारे आंबट पाणी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. माती-खडू खाणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन पाहावे. वर्गात क्षणभर हरवणारे, हाकेला ओ न देणारे मूल हट्टीच असते असे नाही. ती फिटही असू शकते. फिटच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते, म्हणून नवे औषध कोणत्या तारखेला सुरू झाले याची नोंद हवी.

संशोधक मार्क ओ'रायली यांचा 1997 मधील अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. त्यातले लहान मूल स्वतःला इजा करून घेई ते कानाच्या संसर्गाच्या दिवसांतच, आणि त्याचा संबंध आजूबाजूच्या गोंगाटाशी असावा असे दिसले. संसर्ग नसलेल्या दिवसांत ते वर्तन दिसले नाही. चाचणीचा दिवस चुकता तर निष्कर्षही चुकला असता.

दुखत असताना अभ्यास, गोंगाट, स्पर्श सगळेच नकोसे होते. अशा वेळी वर्तनाच्या विश्लेषणातून 'मूल काम टाळते' असे निघते. ते खोटे नसते, अपुरे असते. आणि अपुऱ्या उत्तरावर आखलेला कार्यक्रम दुखणाऱ्या मुलावर सक्ती करतो. उलटेही घडते. कान बरा होतो, पण तोवर मारून घेतले की आई धावत येते, पाटी बाजूला पडते, हे मूल शिकलेले असते. तेथून पुढे वर्तनोपचाराचे खरे काम सुरू होते.

वर्तन विश्लेषकांसाठी 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या, अमेरिकेतील प्रमाणन मंडळाच्या (BACB) आचारसंहितेचे 2.12 हे कलम हेच बजावते: वैद्यकीय कारणाची वाजवी शक्यता असेल, तर शक्य तितकी त्याची तपासणी करून घ्यावी.

खेड्यात पहिला संशय नजरेवर किंवा बाहेरच्या बाधेवर जातो आणि त्यात आठवडे निघून जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. नवे वर्तन त्या फेरीसाठी थांबत नाही. लोहारा तालुक्यात 1993 च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरमध्ये पुढे स्पर्श रुग्णालय उभे राहिले. म्हणून कानात बॅटरी मारून पाहण्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागत नाही.

लोहाऱ्यात परिषदेसाठी आलेल्या पालकांचे, विशेष शिक्षकांचे, अंगणवाडी सेविकांचे, आशाताईंचे, डॉक्टरांचे आणि वर्तनोपचारकांचे मनःपूर्वक स्वागत. स्वागत समितीचे सर्वांकडे मागणे एकच: प्रत्येक मुलाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर कान, दात, पोट, झोप, फिट आणि औषधे यांच्या तपासणीची तारीख लिहिली जावी.